अँब्युलन्स मिळाली, पण डॉक्टरचा पगार कोण देणार?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

2025 च्या ऑगस्टपासून तुमच्या पेपरात भटक्या कुत्र्यांवर दोन्ही बाजूंनी भरपूर छापून आलंय. 11 ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने दिल्लीतली कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा म्हणून सांगितलं, मग 22 तारखेला तीन न्यायाधीशांच्या बेंचने ते बदललं, म्हणजे नसबंदी करा, लस द्या आणि जिथून उचललं तिथेच परत सोडा, फक्त रेबीज झालेली आणि चावरी असतील ती सोडू नका. त्यावर कोण कुत्र्यांच्या बाजूने कोण विरोधात हे सगळं वाचलं. पण हे सगळं करायला पैसे कुठून येतात आणि आलेले पैसे कशावर खर्च करायची परवानगी असते, यावर मला एकही पत्र दिसलं नाही, म्हणून मी लिहायला बसलोय. थोडं लांबेल, पण शक्य असेल तर पूर्ण छापा ही विनंती.

मी पतसंस्थेत 22 वर्षं अकाउंट बघतोय. आमच्या तालुक्यात प्राण्यांसाठी काम करणारा एक छोटा ट्रस्ट आहे, सात-आठ जणांचा, त्याचा हिशोब मी गेली 9 वर्षं लिहितो, फुकट. धर्मादाय आयुक्तांकडचं ऑडिट, 12ए आणि 80जी म्हणजे करसवलतीच्या नोंदण्या, सीएसआरसाठी (कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चासाठी) लागणारा सीएसआर-1 नंबर हे सगळं माझ्याकडे असतं. कुत्र्याला हात लावायला मला पहिली दोन वर्षं भीती वाटायची, आता वाटत नाही. पण माझं खरं काम वहीचं, त्यामुळे मी जे सांगतोय ते वहीतलं सांगतोय.

तर झालं असं. साधारण अडीच वर्षांपूर्वी आम्ही एका मोठ्या कंपनीच्या फाउंडेशनकडे अर्ज केला. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एकट्या त्यांचा नाही, मी आजवर ज्या पाच-सहा ठिकाणी अर्ज भरले तिथे थोड्याफार फरकाने हेच ऐकलंय. अर्जात आम्ही मागितलं होतं एका पशुवैद्यक डॉक्टरचा तीन वर्षांचा पगार, एका मदतनीसाचा पगार, लस, औषधं, भूल द्यायचं सामान आणि महिन्याचं पेट्रोल. त्यांचे साहेब आले, शेड बघितली, खूप आपुलकीने बोलले, स्वतःच्या घरी दोन कुत्री आहेत म्हणाले. महिन्याभराने फोन आला की पगार आणि औषधं आमच्या पॉलिसीत बसत नाहीत, रिकरिंग खर्च, म्हणजे दर महिन्याला पुन्हा पुन्हा येणारा, आम्ही घेत नाही, तुम्हाला अँब्युलन्स चालेल का? आता नाही म्हणायची हिंमत कुणात असते. आम्ही हो म्हणालो. गाडी आली, दोन्ही बाजूंना फाउंडेशनचं नाव, आत स्ट्रेचर, पिंजरा, सलाईनचा हूक, फीत कापली, पेढे वाटले, फोटो पेपरात आला.

पहिले सात महिने गाडी फिरली. नंतर ड्रायव्हरला द्यायला पैसे राहिले नाहीत. मग आमच्यातलाच एक मुलगा, ज्याचं मोबाईलचं दुकान आहे, तो दुपारी शटर ओढून गाडी काढायचा. त्यानंतर इन्शुरन्सची तारीख आली. आज ती गाडी शेडमागच्या कडुलिंबाखाली उभी असते आणि आठवड्यातून दोनदा, डॉक्टर येतात त्या दिवशी, बाहेर निघते. डॉक्टर शेजारच्या तालुक्यातून येतात, प्रत्येक फेरीचे ठरलेले पैसे घेतात, जे बाजारभावाच्या निम्मेसुद्धा नाहीत, त्या माणसाचे उपकार आहेत आमच्यावर. पण अपघात काही मंगळवार आणि शनिवार बघून होत नाही ना. बुधवारी रात्री फलटण-बारामती रोडला गाडीखाली आलेल्या कुत्र्याला आम्ही उचलून आणू शकतो, पाणी देऊ शकतो, जखम धुऊ शकतो, आणि पुढे शनिवारची वाट बघत बसतो. हे जे वाट बघणं आहे ते फार वाईट असतं, ज्याने एकदा केलंय त्यालाच कळेल.

एक उदाहरण देतो म्हणजे रिकरिंग या शब्दाचा अर्थ वाचकांना कळेल. रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये टीव्हीटी नावाचा एक ट्यूमर असतो, कुत्र्याकुत्र्यांच्या संबंधातून पसरतो, मागच्या बाजूला रक्ताळलेली गाठ दिसते, लोक बघून तोंड फिरवतात आणि दगड मारून हाकलतात. हा एक प्रकारचा कॅन्सरच, पण बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो, आणि औषधही काही लाखांचं नाही, व्हिनक्रिस्टिनचं इंजेक्शन, आठवड्याला एक, साधारण चार ते सहा आठवडे. पण ते शिरेतूनच द्यावं लागतं, जरा बाहेर गेलं तर तिथली कातडी सडते, म्हणजे शिकलेला हातच लागतो. दोन आठवडे देऊन मध्येच थांबलं की गाठ तशीच राहते आणि आधीचा खर्चही पाण्यात. तर अशा कुत्रीला गाडीचा काय उपयोग? तिला सहा आठवडे तोच डॉक्टर, तेच औषध आणि राहायला एक कोपरा लागतो. फाउंडेशनच्या फॉर्ममध्ये या तिन्ही गोष्टी रिकरिंगमध्ये जातात.

आता लोक म्हणतील कंपन्यांना कायदाच आडवा येत असेल. मी पण तसंच समजत होतो, मग एकदा रविवारी बसून कायदा वाचला. 2013 च्या कंपनी कायद्यातलं कलम 135, ज्या कंपनीची नेटवर्थ 500 कोटी किंवा उलाढाल 1000 कोटी किंवा नफा 5 कोटी याच्या वर आहे तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. कुठल्या कामावर, त्याची यादी शेड्यूल 7 मध्ये आहे आणि तिथे पर्यावरणाच्या ओळीत ‘अॅनिमल वेल्फेअर’ हे शब्द स्पष्ट लिहिलेत. पगार चालत नाही असं कुठेही लिहिलेलं नाही. 5 टक्क्यांची जी मर्यादा सगळे पुढे करतात ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या ऑफिस खर्चाला आहे, प्रकल्पावर प्रत्यक्ष राबणाऱ्या डॉक्टरच्या पगाराला नाही. उलट कायद्यात ‘ऑनगोइंग प्रोजेक्ट’ म्हणून वेगळी व्याख्याच आहे, ज्या वर्षी सुरू केला ते वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालू ठेवता येतो. म्हणजे एका डॉक्टरला तीन-चार वर्षं बांधून ठेवायची सोय कायद्याने दिलीय, वापरायची नाही हे फाउंडेशनच्या मीटिंगमध्ये ठरतं. गाडीचा फोटो काढता येतो, इंजेक्शनचा काढता येत नाही, माझ्या मते कारण एवढंच आहे.

सातत्याने पैसा दिला तर काय होतं ते बघायला लांब जायला नको, आपलं शेजारचं गोवा बघा. 2013 मध्ये मिशन रेबीज नावाच्या संस्थेने भारतात काम सुरू केलं आणि पुढे गोवा सरकारबरोबर मिळून राज्यभर कुत्र्यांना लस द्यायला सुरुवात केली. पैसा ब्रिटनमधल्या प्राण्यांच्या चॅरिट्यांकडून, लस औषध कंपनीने दान केलेली, आणि राज्य सरकारचा स्वतःचा वाटा. गल्लोगल्ली दोन चाकीवर, चार चाकीवर टीम, हातात मोठी जाळी, पकड, टोच, रंगाची खूण कर आणि सोड, आणि प्रत्येक कुत्र्याची नोंद तिथल्या तिथे मोबाईलवर. शाळांमध्ये मुलांना शिकवणं, चावल्याचा फोन आला की टीम पाठवणं हे पण सोबत. पुढे पुढे वर्षाला साधारण 95 हजार कुत्र्यांना लस, म्हणजे 70 टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातून कुत्र्यांमधल्या रेबीजच्या केसेस 92 टक्क्यांनी खाली आल्या. हे संशोधन म्हणून छापून आलेलं आहे. यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते दरवर्षी करणं. कारण रस्त्यावरचं कुत्रं फार जगत नाही, दर सीझनला नवी पिल्लं येतात, एक वर्ष खंड पडला की 70 टक्क्यांचे कधी 40 होतात कळत पण नाही, आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस काय कुत्रं काय, वाचतच नाही म्हटलं तरी चालेल. आता कल्पना करा की तिथे देणाऱ्यांनी पहिल्या वर्षी जाळ्या आणि गाड्या देऊन टीमच्या पगाराला नाही म्हटलं असतं.

आणि हे काही परदेशी लोकांनीच शिकवावं असंही नाही. आपल्या मुंबईचा इतिहास काढा. 1832 मध्ये इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारायचा हुकूम काढला, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, दंगल झाली, दुकानं बंद पडली. त्यातूनच दोन वर्षांनी, 1834 मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि त्यांच्या सोबतच्या गुजराती व्यापाऱ्यांनी भुलेश्वरला पांजरपोळ, म्हणजे जनावरांचं आश्रयस्थान, उभं केलं. ते चाललं कशावर? व्यापारी लोकांनी आपल्याच मालावर ‘लागा’ लावून घेतला, म्हणजे एवढा माल आला की एवढे पैसे पांजरपोळाला. माल रोज यायचा त्यामुळे चाऱ्याचे पैसेही रोज यायचे. मला अकाउंटवाल्याला हे फार पटतं, कारण जनावर रोज खातं. पुढे 1874 मध्ये मुंबईत प्राण्यांवरची क्रूरता थांबवण्यासाठी सोसायटी झाली, सर दिनशॉ पेटिट यांनी पत्नीच्या नावाने परळला बाई साकरबाई हॉस्पिटल उभं केलं, आणि त्याच आवारात 1886 ला पशुवैद्यकीय कॉलेज सुरू झालं. बघा, हॉस्पिटल आणि डॉक्टर घडवणारी जागा एकाच आवारात. नुसती इमारत बांधून डॉक्टर कुठून आणायचे हा प्रश्न त्यांनी ठेवलाच नाही.

टाटा ट्रस्टच्या मुंबईतल्या महालक्ष्मीच्या प्राण्यांच्या हॉस्पिटलबद्दलही लिहायला हवं, नाहीतर कुणाला वाटेल मी मोठ्या देणग्यांच्या विरोधात आहे. 2024 च्या जुलैमध्ये ते सुरू झालं, 165 कोटी खर्च, 98 हजार स्क्वेअर फूट, दोनशेवर बेड. रतन टाटांचं ते स्वप्न होतं आणि ते गेले त्याच्या तीनच महिने आधी पूर्ण झालं, ते वाचून मला खरंच भरून आलं होतं. सीटी स्कॅन, आयसीयू हे सगळं कुत्र्या-मांजरांसाठी आपल्या राज्यात असणं ही अभिमानाची गोष्ट आहे. पण फलटणहून ते अडीचशे किलोमीटर आहे. पाठीचा कणा मोडलेलं कुत्रं किंवा पार्व्हो नावाच्या विषाणूने रक्ताची हगवण लागलेलं पिल्लू तिथपर्यंत टिकत नाही. पार्व्होला तर सलाईन, उलटीचं औषध आणि तीन-चार दिवस रात्र जागणारा माणूस, एवढंच लागतं, ते तालुक्यातच व्हायला पाहिजे. मुंबईला शिखर आहे, खाली पायऱ्या नाहीत अशी आमची अवस्था आहे.

डॉक्टर मिळत नाहीत असंही नाही. आमच्याच जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथून शिकून बाहेर पडलेली दोन मुलं मागच्या वर्षी आमच्याकडे येऊन गेली, काम आवडलं, एकाने तर तीन दिवसांत अकरा नसबंद्या केल्या, इतका हलका हात की मी बघत राहिलो. त्याने सरळ विचारलं, काका, पगार किती महिने नक्की आहे? मी म्हटलं पाच. तो पुण्याला क्लिनिकमध्ये लागला. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही, शिकायला घरच्यांनी कर्ज काढलेलं, लग्न व्हायचंय, पाच महिन्यांच्या भरवशावर कोण राहील.

सरकारलासुद्धा हे कळतं हो. 1962 नंबरवर येणारी फिरती पशुवैद्यकीय पथकं बघा, साधारण एक लाख जनावरांमागे एक गाडी असा हिशोब धरलेला आहे, आणि योजनेत गाडीचा खर्च वेगळा आणि चालवायचा खर्च वेगळा लिहिलाय, गाडीचे पैसे केंद्राचे आणि पुढचा डॉक्टर, मदतनीस, डिझेल हे केंद्र-राज्य 60-40. तसंच 2024 च्या सप्टेंबरमध्ये आपल्या राज्य सरकारने गोशाळांमधल्या देशी गायींसाठी दिवसाला गायीमागे 50 रुपये अनुदान ठरवलं. 50 रुपयांत चारा पुरा होत नाही हे कुठलाही शेतकरी सांगेल, पण ‘दर दिवशी, दर जनावरामागे’ हे मोजमाप बरोबर आहे. माझी तक्रार वेगळी आहे, ते फक्त देशी गायीला. जर्सी, एचएफ गाय भाकड झाली की तिला कोण बघणार, म्हैस, वीटभट्टीवरचं गाढव, ऊसतोडीतून खांदा सुजून बाहेर पडलेला बैल? सीझनमध्ये कारखान्याच्या रस्त्याला जाऊन बघा, खांद्याला जूचे गळू आलेले बैल तसेच ओढत असतात, कारण मालकाकडे दुसरी जोडी नाही आणि उचल फिटलेली नाही. त्या माणसाला शिव्या देऊन काय होणार, तो स्वतः तसाच ओढतोय. तिथे कारखान्याच्या गव्हाणीजवळ सीझनभर, म्हणजे चार-पाच महिने, एक डॉक्टर आणि औषधाची पेटी बसली तर त्या बैलाला मलमपट्टी आणि आठ दिवस आराम मिळेल. हे काम सांगली-सोलापूर भागात काही संस्था करतात, आमच्याकडेही व्हावं. फाउंडेशनवाल्यांना कुत्र्या-मांजरांचं प्रेम आहे, चांगलंय, पण बैलासाठी अर्ज केला की ‘हे पशुसंवर्धन खात्याचं काम’ असं उत्तर येतं.

अजून एक अडचण झालीय जी बाहेरच्यांना माहीत नसते. आमच्यासारख्या छोट्या संस्थांना पूर्वी मोठ्या शहरातली संस्था त्यांच्या परदेशी देणगीतला थोडा वाटा द्यायची, आम्हाला दोन वर्षं रेबीजच्या लसी तशाच मिळाल्या. 2020 मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बदलला, आता परदेशी पैसा घेतलेल्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. सरकारची कारणं असतील, त्यात मी जात नाही. पण ज्यांना स्वतःची एफसीआरए नोंदणी काढणं शक्यच नाही अशा तालुक्यातल्या ट्रस्टचा तो नळ तिथेच बंद झाला. म्हणून तर देशातल्या फाउंडेशनवर आता सगळी मदार आहे.

आता देणाऱ्यांची बाजू. त्यांना भीती वाटते आणि ती खोटी नाही. जखमी पिल्लाचा फोटो टाकून क्यूआर कोडवर पैसे गोळा करायचे आणि बिल विचारलं की ब्लॉक करायचं असले प्रकार मीही बघितलेत, त्याने आमच्यासारख्या सगळ्यांचं नाव खराब होतं. पगाराला पैसे दिले तर काम झालं की नाही कळणार कसं, असं एका मॅडमनी मला विचारलं होतं. मॅडम, गाडीपेक्षा सोपं आहे. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण असते, काढलेले अवयव फॉर्मलिनमध्ये ठेवून मोजून दाखवायची पद्धत एबीसीच्या, म्हणजे कुत्र्यांच्या नसबंदीच्या, कामात आधीपासून आहे. लसीच्या बाटलीवर बॅच नंबर असतो. ओपीडीचं रजिस्टर असतं, प्रत्येक पेशंटला आणणाऱ्याचा फोन नंबर असतो, कुठलेही दहा नंबर उचला आणि फोन लावा. दर तीन महिन्यांनी हे तपासा, आकडे जुळले तर पुढचा हप्ता सोडा, नाही जुळले तर थांबवा. आम्ही पतसंस्थेत कर्ज असंच देतो, हप्त्याहप्त्याने आणि बघून. एकदम गाडी देऊन वर्षाने एक फोटो मागवायचा यापेक्षा ही देखरेख कितीतरी पक्की आहे.

आणि रक्कम काय लागते हो. माझ्या वहीप्रमाणे आमच्या तालुक्यात एक पूर्ण वेळ डॉक्टर, एक मदतनीस, वर्षाला सहाशे-सातशे नसबंद्या, तेवढ्याच लसी, ओपीडीची औषधं, डिझेल सगळं धरून तीन वर्षांचा खर्च जितका होतो, तो त्या अँब्युलन्सच्या किमतीच्या साधारण तिप्पट-चौपट आहे. मोठ्या कंपनीच्या 2 टक्क्यांत हे कुठल्या कोपऱ्यात बसेल ते पण दिसणार नाही. पण एकाच तालुक्यात तीन वर्षं सलग झालं तर उकिरड्यावर पिल्लांच्या झुंडी दिसणं बंद होईल, चावण्याच्या केसेस कमी होतील, सरकारी दवाखान्यात इंजेक्शनसाठी लागणारी लाइन कमी होईल, म्हणजे ज्यांना कुत्री आवडत नाहीत त्यांचाही फायदाच आहे.

पेपरला पत्र लिहून काय होणार असं आमच्या घरी म्हणाले. मी त्यांना डोरोथी ब्रुक यांची गोष्ट सांगितली. 1930 मध्ये ही बाई नवऱ्याच्या नोकरीमुळे कैरोला गेली, तिथे पहिल्या महायुद्धात लढून मग विकून टाकलेले इंग्रजांच्या सैन्याचे घोडे म्हातारपणी दगडाच्या गाड्या ओढताना तिला दिसले. तिने 1931 मध्ये लंडनच्या मॉर्निंग पोस्टला एक पत्र लिहिलं. त्या पत्रावर लोकांनी इतके पैसे पाठवले की तिने तीन वर्षांत 5 हजार घोडे सोडवले, बहुतेक इतके खंगलेले होते की त्यांना शांतपणे मरण देणं एवढंच तिला करता आलं, आणि 1934 मध्ये तिने तिथे कायमचं घोड्यांचं हॉस्पिटल काढलं, डॉक्टरसकट, गरीब गाडीवानांच्या जनावरांना फुकट उपचार. ती संस्था आजही चालू आहे.

तुमचा पेपर कंपन्यांच्या सीएसआर विभागात पण जात असेल. त्यांच्यापैकी कुणी हे वाचलं तर माझं एकच मागणं आहे, पुढच्या वर्षीच्या फॉर्ममध्ये ‘रिकरिंग खर्च अपात्र’ ही ओळ काढून बघा, एका तालुक्यापुरती, आमच्याच असं नाही, कुठल्याही. आमचे 9 वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आणि रजिस्टर कुणालाही बघता येतील, माझा पत्ता आणि नंबर संपादकांकडे दिलेला आहे. मंगळवारी किंवा शनिवारी आलात तर डॉक्टरही भेटतील. सध्या शेडमध्ये टीव्हीटीची एक लाल कुत्री आहे, बाजारतळावरची, तिची तीन इंजेक्शनं झालीत, गाठ निम्म्यावर आलीय, चौथं या शनिवारी आहे आणि पाचव्याचे पैसे जमवायचं काम चालू आहे.

आपला,
प्राण्यांच्या ट्रस्टचा हिशोब लिहिणारा एक वाचक
फलटण, जि. सातारा